तातायच्या नावाचं पार्सल

सान रोके, ४ सप्टेंबर

तोतो,

तुझा पत्ता तू मला, तुझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला, दिलेला नाहीस. आर्लिननेही दिला नाही. तुझी बायको आणि मी एकाच गल्लीत राहतो, पण तिच्याकडे मागायला मी गेलेच नाही. पत्ता मी पार्सलवरून उतरवून घेतला. पाठवणाऱ्याचं नाव-गाव लिहिल्याशिवाय कोरियातलं पोस्ट पार्सल घेत नाही. ती पार्सलं इथे आल्यावर कोणाच्या टेबलावर येतात हे तू विसरलेला दिसतोस. बंदरावरच्या पोस्टात, कस्टमच्या खिडकीमागे, मी सव्वीस वर्षं बसते आहे. कामाच्या कागदावरून खाजगी पत्ता उतरवून घेणं नियमात बसत नाही. तरी मी तो घेतला.

नाव वाचायच्या आधीच अक्षर ओळखलं. सातच्या आकड्याला आडवी रेघ अजून मारतोस.

एप्रिलपासून तुझी एकोणीस पार्सलं आली. काही आर्लिनच्या नावावर, काही तिच्या आईच्या, तिच्या दोन भावांच्या, आपल्या आईच्या, नानायच्या. सगळ्यांवर एकच मजकूर, ‘जुनी खेळणी, भेट’. सगळ्यांची किंमत दहा हजार पेसोंच्या आत, कारण तेवढ्यापर्यंतच्या सामानावर ड्युटी लागत नाही, हे आता सगळ्या जगाला माहीत आहे. पण एकाच माणसाने एकाच घरी पाठोपाठ पाठवलेलं सामान वेगवेगळं धरत नाहीत. त्याची बेरीज करतात. ते तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते.

आणि तीन पार्सलं तातायच्या, आपल्या वडिलांच्या, नावावर. एक जूनमध्ये, एक जुलैत, तिसरं परवा. पहिली दोन माझ्या नजरचुकीने सुटली. तिसरं मी उघडलं, आणि त्याच्यासकट सहा पार्सलं अडकवून ठेवली. आत फोममध्ये गुंडाळलेली, गळाच्या काठीला लावायची दोन जपानी रिळं. ज्या वेबसाइटवरून तू ती मागवलीस, तिच्यावरची किंमत मी पाहिली. एकेका रिळाला चौदा हजार. आर्लिन दर शुक्रवारी संध्याकाळी फोनसमोर बसून, लिपस्टिक लावून, ‘दादांनो, शेवटचा एकच नग’ करत काय विकते ते सगळ्या गल्लीला ऐकू येतं. माल कुठून येतो ते मात्र मला माझ्या टेबलावर कळलं.

ताताय जाऊन साडेतीन वर्षं झाली. तू आला नव्हतास, त्यामुळे कदाचित लक्षात राहिलं नसेल.

आर्लिनच्या फोनवरून तुझ्याशी बोलता आलं असतं. पण फोनवर आपण एकमेकांना काय बोलतो ते दोघांनाही पाठ आहे, आणि माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. म्हणून हे पत्र. मी वीस तारखेपर्यंत थांबते. तोवर आर्लिनला सांग, अडकलेल्या मालाची खरी किंमत लिहून दे आणि ड्युटी भर म्हणावं. तिने तसं केलं नाही तर मला साहेबांना सांगावं लागेल.

पेर्लिता


सान रोके, २१ सप्टेंबर

तोतो,

तुझं उत्तर नाही. काल मी देमाफेलिस साहेबांना सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “पेर्ला, घरातलं आहे, घरात मिटव ना.” मी म्हटलं, “सर, घरात मिटलं असतं तर तुमच्यापर्यंत आले असते का?” मग त्यांनी मला त्या पार्सलांपासून दूर केलं, कारण नातलगाचं सामान नातलगाने तपासायचं नसतं. माझी खिडकी मारिविकला दिली. मी आता पार्टिशनच्या मागे बसून जुन्या फायलींना नंबर घालते.

आज सकाळी आर्लिन घरी आली. चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. नानाय शेवग्याचा पाला निवडत होती.

“मनांग,” म्हणाली, रागातही थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी, “सहा पार्सलं अडकवलीत तुम्ही! गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे दिलेत मला!”

“मी नाही अडकवली. खोटं लिहिलं म्हणून अडकली.”

“सगळेच लिहितात खेळणी. दातांच्या डॉक्टरीणबाई हाँगकाँगहून पर्स मागवतात, त्यावर काय ‘पर्स’ लिहिलेलं असतं?”

“त्यांची नणंद कस्टममध्ये नाही.”

“तेच म्हणते मी! लोकांच्या नणंदा पार्सल सोडवून आणतात. माझी नणंद अडकवते!” आणि ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. म्हणाली, तिथे कारखान्यात तुझा ओव्हरटाइम मार्चपासून बंद आहे. तुमच्या जिनाच्या नर्सिंग कॉलेजची फी याच रिळांवर चालली होती. “मला काय हौस आहे का शुक्रवारी नटूनथटून फोनसमोर नाचायची?”

हे मला माहीत नव्हतं. जिना माझी भाची आहे, गल्लीत रोज दिसते, आणि तिची फी कशावर चालते हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात नानायने पाल्याची परात बाजूला सारली. विचारलं, “पोलीच्या, तुमच्या तातायच्या नावाने पार्सल आलंय म्हणे?”

आर्लिन रडायची थांबली. घरी मी त्यातलं एक अक्षर बोलले नव्हते. पोस्टातून बाजारात आणि बाजारातून नानायपर्यंत गेलं असणार.

“कधी आलं?”

“तीन आली, नानाय,” आर्लिन म्हणाली. “दोन मी घेऊन गेले. तिसरं यांच्याकडे आहे.”

“तीन आली,” नानाय म्हणाली. “आणि मला एकीनेही सांगितलं नाही.” ती उठली, हात धुतले, आणि पाला तसाच टाकून खोलीत गेली. मग आम्ही दोघींनी मिळून तो पाला निवडला.

तुला हे कळवायलाच हवं म्हणून लिहिलं.

पेर्लिता


आन्सान, ३ ऑक्टोबर

मनांग,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून फाडलं. दुसरं ठेवलंय.

लिहायची सवय नाही, चुका काढू नकोस. तू विचारलं नाहीस, तरी मनात विचारलंस ते मला ऐकू आलं. तातायचं नाव का घातलं? नावं संपली होती म्हणून. आर्लिनचं झालं, सासूबाईंचं झालं, मेव्हण्यांची झाली, नानायचं दोनदा झालं. एकाच नावावर जास्त पाठवलं की पकडतात असं इथला एक मित्र म्हणाला. मग तातायचं घातलं. म्हटलं, ते काही तक्रार करणार नाहीत. ते काही मोठं मनातून वगैरे नव्हतं, हे तुला सरळ सांगतो, म्हणजे तू भलतंच काही समजायला नको.

पण पोस्टात खिडकीत एक बाई आहेत, वयाने तुझ्याएवढ्या. नेहमी माझं पार्सल त्याच घेतात. त्या दिवशी नाव वाचून त्यांनी विचारलं, हे कोण, तुमच्या आडनावाचे? मी म्हटलं, वडील. म्हणाल्या, बरे आहेत ना? मी म्हटलं, बरे आहेत. वय किती? म्हटलं, अठ्ठ्याहत्तर. म्हणाल्या, अजून काम करतात? मी म्हटलं, हो, रोज पहाटे होडी काढून गिमारास बेटापर्यंत जाऊन येतात, आम्ही नको म्हणतो पण ऐकत नाहीत. त्या हसल्या. म्हणाल्या, माझे वडीलही ऐकत नाहीत.

मागे लाइन होती म्हणून मी बाजूला झालो. बाहेर सायकलच्या स्टँडपाशी बराच वेळ उभा राहिलो. बारा वर्षांत इथे मला कोणी तातायबद्दल विचारलं नव्हतं. कारखान्यात विचारतात, बायको आहे? मुलं किती? वडिलांचं कोण विचारतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्यांचंच नाव घातलं. आर्लिनच्या मामाचं नाव तेव्हा शिल्लक होतं, तरी.

खोटं लिहिलं हे खरं आहे. ड्युटी लागेल ती लागू दे. आर्लिनला सांगितलंय, सगळं खरं लिहून दे. नानायला पोस्टाच्या पायऱ्या चढायला लावू नका.

तू म्हणालीस मी आलो नाही, म्हणून लक्षात राहिलं नसेल. बरं.

रेनान्ते


सान रोके, १७ ऑक्टोबर

तोतो,

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं. पार्टिशनच्या मागे बसायला मिळतंय याचं पहिल्यांदा बरं वाटलं.

नानाय पायऱ्या चढली. तुझं पत्र यायच्या आधीच, गेल्या सोमवारी. रविवारचा निळा ब्लाउज घालून, छत्री घेऊन, एकटी ट्रायसिकल रिक्षाने आली. मला घरी काही बोलली नव्हती. पार्टिशनच्या पलीकडून तिचा आवाज आला तेव्हा कळलं.

मारिविकने पार्सल आल्याची चिठ्ठी वाचली असावी. कुठल्याही आजीला म्हणावं तसं म्हणाली, “लोला, हे पोलिकार्पो सुमागायसाय यांच्या नावावर आहे. त्यांनी स्वतः यायला हवं.”

“तो नाही येणार.”

“आजारी आहेत का?”

“होता. आता नाही.”

“मग त्यांना पाठवा ना. ओळखपत्र घेऊन.”

“पोरी,” नानाय म्हणाली, “तो सान रोकेच्या स्मशानात आहे. फाटकातून आत गेलीस की डावीकडची तिसरी ओळ. तूच जा विचारायला. माझ्याशी तो आता बोलत नाही.”

मागच्या लाइनीत कोणीतरी खुदकन हसलं. मारिविक साहेबांना बोलवायला धावली. मी उठून दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मला बाहेर जाता येत नव्हतं. नियमाने नव्हतं येत, म्हणून दाराच्या फटीतून बघत राहिले.

देमाफेलिस साहेबांनी नानायला खुर्ची दिली. समजावलं, की मेलेल्या माणसाच्या नावावरचं सामान सोडता येत नाही. खोटं लिहिलेलं आहे, केस झाली आहे, आतला माल लिलावात जाईल. नानायने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “माल ठेवा तुम्ही. मला रिळं काय करायची आहेत? मला वरचा कागद द्या. त्याचं नाव लिहिलेला.”

“लोला, तो पुरावा आहे.”

“कशाचा?”

साहेबांनी केसची फाइल पुढे ओढली.

“साडेतीन वर्षांत त्याच्या नावाने काही आलं नाही, साहेब. विजेचं बिल माझ्या नावावर करून घेतलंत. घरपट्टी माझ्या नावावर. मच्छीमार सोसायटीने तर दुसऱ्याच आठवड्यात नाव काढलं. माझ्या पोराने एवढ्या सुरेख अक्षरात ते लिहून पाठवलंय आणि तुम्ही ते फायलीत लावणार?”

साहेब आत गेले. त्यांनी स्वतः लेबलाची झेरॉक्स काढली, खाली सही केली, ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असा शिक्का मारला आणि नानायच्या हातात दिली. शिक्का मारायची काही गरज नव्हती. नानायने तो कागद घडी न घालता छत्रीच्या कापडात गुंडाळून नेला, आणि स्वतः डोक्यावर ऊन घेत गेली.

त्या संध्याकाळी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि जे तुलाही खोटं लिहिलं होतं ते त्यांना सांगितलं.

पहिली दोन पार्सलं नजरचुकीने सुटली नव्हती. जूनमधलं पहिलं आलं तेव्हा यादीत मी ते नाव वाचलं. पोलिकार्पो डी. सुमागायसाय. तीनदा वाचलं. खोकं उचलून माझ्या टेबलावर ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच राहू दिलं. आत काय असेल ते मला माहीत होतं. कोणी पाठवलं ते माहीत होतं. घेणारा जिवंत नाही हे तर माझ्याइतकं कोणाला माहीत असणार, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर खबर देणारीची सही माझी आहे. तरी मी ‘शुल्कमुक्त’चा शिक्का मारला. जुलैत रोज सकाळी यादी आली की आधी ते नाव आहे का बघायचे. दुसरं आलं त्या दिवशी मी घरी जाताना सगळ्यांसाठी आंबे नेले. नानायने विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, स्वस्त होते.

मग तिसरं आलं, आणि मला स्वतःची भीती वाटली. म्हणून तुला ते पत्र लिहिलं. सगळा राग तुझ्यावर काढला.

साहेब म्हणाले, “हे लिहून देऊ नकोस, पेर्ला. नजरचूक लिही. सव्वीस वर्षांत एक नजरचूक कोणीही माफ करेल.” मी खरं तेच लिहून दिलं. आर्लिनला खरं लिहायला लावून मी खोटं कसं लिहू? आता वर चौकशी होईल. नोकरी राहील की जाईल सांगता येत नाही.

आणखी एक लिहायचं आहे. हे पान मी दोनदा फाडलं.

तातायच्या दफनाच्या दुपारी आर्लिनने फोन धरला होता. तू कारखान्याच्या संडासात लपून लाइनवर होतास. आल्यावर परत जाता आलं नसतं, तिथे राहायची कागदपत्रं नव्हती, जिना शाळेत होती, हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. तरी मी आर्लिनला म्हटलं, “बंद कर तो फोन. ज्याला बघायचंय त्याने यावं.” ती बंद करेना. मग मी कॅमेऱ्यावर हात ठेवला. शवपेटी बंद होईपर्यंत हात काढला नाही. अकरा मिनिटं. नंतर आर्लिनने फोनवर पाहिलं तेव्हा मला कळलं की तू सगळा वेळ लाइनवरच होतास. तातायचा चेहरा शेवटचा बघायचा होता तुला, आणि तू माझा तळहात बघत बसलास.

त्यानंतर तू माझा नंबर बंद केलास, आणि मी सगळ्यांना सांगत राहिले, बघा, बहिणीचा नंबर बंद करतो. का केला ते कोणाला सांगितलं नाही.

ताताय शांत दिसत होते. हनुवटीवर दोन दिवसांची पांढरी दाढी होती. नानाय म्हणाली, राहू दे, त्याला दाढी करायचा कंटाळाच होता. पांढरा बारोंग सदरा घातला होता, गळ्याशी सैल होत होता, तो मी मागून टाचणीने आवळला. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख दोरीने गेलं होतं ते तसंच होतं. मला आठवेल तेवढं लिहिते आहे. तुला अजून काही विचारायचं असेल तर विचार.

मनांग


सान रोके, २२ नोव्हेंबर

तोतो,

निकाल लागला. दोन महिने बिनपगारी घरी, आणि त्यानंतर टपालाच्या टेबलावर परत नाही. जेट्टीवरच्या गोदामात, कंटेनरच्या कागदांवर बसायचं. तिथे माणसांची नावं नसतात, कंपन्यांची असतात. नोकरी गेली नाही. देमाफेलिस साहेबांनी वर काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलं नाही.

आर्लिनची पाच पार्सलं सुटली. ड्युटी, टॅक्स आणि दंड भरायला तिने बर्फाच्या कांड्यांचा फ्रीजर विकला. जिनाची या सहामाहीची फी मी भरली आहे. आर्लिनने आधी नको म्हटलं. मी म्हटलं, “तुझ्यासाठी नाही, भाचीसाठी.” मग घेतली. परवा ती ताट झाकून घेऊन आली, दारातच उभी राहून म्हणाली, “नानायसाठी आहे.” ताटात शेवयांचं पान्सित दोन माणसांचं होतं. मी खाल्लं. तिने आता नोंदणी करून, खऱ्या किमतीने माल मागवायचं ठरवलंय. नफा कमी राहील म्हणते. मी तिला अर्ज भरून दिला. हस्ताक्षरावरून पुन्हा भांडलो.

एक तारखेला, मृतांच्या दिवशी, सगळे स्मशानात होतो. आर्लिनने तुला फोन लावला तेव्हा मी बाजूला झाले, कबर नीट दिसावी म्हणून. तू पलीकडे रडत होतास. कबरीवरची मेणबत्ती विझत होती म्हणून मी नंतर पुढे आले. माझा हात दिसला असेल, तो मेणबत्तीला आडोसा धरायला होता.

काल आर्लिनने सांगितलं की तिथल्या सरकारने कागदांशिवाय राहणाऱ्यांना मुदत दिली आहे, स्वतःहून जाणाऱ्याला दंड नाही, आणि तू नाव नोंदवलंस. चौदा डिसेंबरचं विमान. तिने सांगितलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी हेही अडकवीन.

माझ्या पत्रामुळे येत असशील तर नीट विचार कर. इथे आल्यावर तिथला पगार नाही. परत जायला किती वर्षं लागतील कोणी सांगू शकत नाही. आपल्याकडे तातायची होडी आहे, तिचं इंजिन दोन वर्षं बंद आहे. जिनाचं अजून दीड वर्ष आहे. मी हे सगळं तीनदा मोजून बघितलं. जेमतेम जमतं. पण जमतं. तरीही तुझं तूच ठरव, आणि आर्लिनशी बोलून ठरव, माझ्याशी नको.

ठरवलं असेल तर मनीलाहून कुठल्या विमानाने येतोस ते कळव. मी घ्यायला येईन. आर्लिन आणि जिना येतीलच, नानायही ऐकणार नाही, म्हणजे भाड्याने मोठी जीप करावी लागेल.

तू गेलास तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते. आता मानेपर्यंत कापलेत आणि पुढून पांढरे झालेत. चष्मा लागला. गुडघ्यामुळे डावीकडे थोडी कलून चालते. पिवळा ब्लाउज घालीन, गर्दीत लांबून दिसतो. तूही कसा दिसतोस ते लिही. आर्लिनच्या फोनमध्ये तुझे फोटो असतात, पण साडेतीन वर्षांत मी ते कधी मागून बघितले नाहीत.

मनांग